छत्तीस पोहरे

मुफुताऊ पंपवाल्याचा भाऊ लाफेनवाच्या बाजारात बादल्या विकतो आणि दर बादलीमागे मुफुताऊला वाटा मिळतो, ही बातमी आमच्या आळीत रांगत्या पोरालाही पाठ होती. नाहीतर सांगा, पंप बसवायला बोलावलेला माणूस अंगणात पाय टाकल्या टाकल्या "आधी पोहरा आणा" असं कशाला म्हणेल? ज्या घरात पोहरा नसेल, त्या घरी तो पंपाची पेटी उघडतसुद्धा नाही. मोटरसायकल वळवतो, "पोहरा आला की कळवा" म्हणतो आणि निघतो.

ही बातमी पसरवण्यात माझा हात होता, म्हणून दुरुस्तीही मीच करते. मुफुताऊला भाऊ नाही. पाच बहिणी आहेत आणि पाचांतली एकही बादल्या विकत नाही. धाकटी याम नावाच्या कंदाचे तळलेले काप विकते. तिच्याकडून तो वाटा घेतो हे मात्र खरं आहे. रोज सकाळी घेतो, कागदात बांधून, तिखट चटणीसकट.

माणूस पंचावन्नच्या आसपासचा, बांबूसारखा किडकिडीत. टोपी उजव्या कानावर कललेली, कारण डावा कान कामाचा. चालू पंपाच्या अंगावर तो लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवतो, मूठ डाव्या कानाला लावतो आणि डोळे मिटून घेतो. मग सांगतो, "पुढची बेअरिंग. आठवडाभर टिकेल." आणि आठव्या दिवशी ती जाते. बोलणं कमी. तुम्ही काहीही म्हणा, तो तुमच्या वाक्यातला शेवटचा शब्द उचलतो, जिभेवर घोळवतो आणि परत तुमच्याच हातात देतो. "बाबा, पंप घुं घुं करतो पण फिरत नाही." "हं. फिरत नाही." एवढ्यावर पाच मिनिटं जातात. पण नमस्कारात हात आखडत नाही. आमच्या अबेओकुटात काम करणाऱ्याला कामाचा सलाम, उन्हातल्याला उन्हाचा सलाम, बसलेल्याला बसण्याचा सलाम करायची रीतच आहे. मुफुताऊ विहिरीपाशी येतो तेव्हा आत वाकून विहिरीलाही सलाम करतो. खरं सांगू का, त्याची नक्कल करायला इतकी सोपी आणि इतकी मजेची, की मी ती दिवसातून तीनदा करायचे.

आता अल्हाजा सिकिरात. आमची घरमालकीण, मी आणि आई तिच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहतो. मक्केला जाऊन आल्यापासून तिला नुसतं सिकिरात म्हणायची कुणाची छाती नाही. ती आदिरे करते, म्हणजे दोऱ्यानं गाठी बांधून निळीत बुडवलेलं कापड. तिचे हात कोपरापर्यंत कायमचे निळे आहेत. तिचं वाक्य अंगणात सुरू होतं आणि रस्त्यापलीकडच्या शिंप्याच्या दुकानात संपतं. त्या वर्षी हार्मटनचा धुळकट वारा ऐन भरात असताना तिनं एका लग्नाचं काम घेतलं. नवरीकडच्या बायकांसाठी ऐंशी कापडं, सगळी एका जातीची, गर्द निळ्यावर दुधासारखी पांढरी नक्षी. लग्न शनिवारी, कापडं न्यायला माणसं शुक्रवारी येणार. बुडवणं झालं होतं, राहिलं होतं धुणं. आणि धुण्याला पाणी लागतं ते असंतसं नाही: निळीचा शेवटचा धागा सुटेपर्यंत, आणि स्वच्छ. गढूळ पाण्यात धुतलेली पांढरी नक्षी चहासारखी होते, मग ती कुणी घेत नाही. ऐंशी कापडं म्हणजे अल्हाजाचं वर्ष. हे काम नीट उतरलं तर त्या घराण्यातली पुढची चार लग्नं तिची, नाहीतर बाजारभर नाव खराब.

सोमवारी तिच्या मुलानं, वासिउनं, लागोसहून पंप पाठवला. निळाशार, वासराच्या डोक्याएवढा, दीड घोड्याच्या ताकदीचा. अल्हाजानं त्याला हळदीच्या नवरीसारखं ओसरीवर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं आणि मुफुताऊला निरोप धाडला.

तो आला. कामाचा सलाम, वाऱ्याचा सलाम, नव्या पंपाचा सलाम. मग विहिरीला सलाम. मग खिशातून गाठींचा दोर काढला. हात हात अंतरावर एकेक गाठ, टोकाला लोखंडाचा तुकडा. दोर तळाला टेकेपर्यंत सोडला, वर ओढला आणि गाठी मोजल्या. सगळ्या मिळून अठरा हात. त्यातला ओला पाच.

"पाणी तेरा हातांवर," तो म्हणाला. "पोहरा आणा, अल्हाजा."

"पोहरा? मुफुताऊ, मी तुला पंप बसवायला बोलावलंय, विहिरीचं बाळंतपण करायला नाही!"

"हं. करायला नाही."

"हा पंप माझ्या वासिउनं पाठवलाय. लागोसहून! दीड घोड्याचा!"

"घोडा चांगला आहे," मुफुताऊ म्हणाला. "पण विहीर तासाला किती पाणी देते ते आधी बघायला हवं. छत्तीस पोहरे काढा, म्हणजे पाणी एक गाठ खाली जाईल. मग ती गाठ परत भिजायला किती वेळ लागतो ते बघत बसायचं."

"काढते! बोलाव भाडेकरणींच्या पोरींना."

"पोरी नाहीत. ज्याची विहीर, त्यानं."

झालं. मक्केहून आल्यापासून अल्हाजानं दोराला हात लावला नव्हता. तिनं कमरेला हात लावले. "ऐका गं सगळ्या! हा मला, हजला जाऊन आलेल्या बाईला, पोहरा ओढायला सांगतोय! तुझ्या भावाच्या बादल्या खपत नसतील तर तसं सांग ना, दोन विकत घेते!"

मुफुताऊनं दोर गुंडाळला. जाताना तिच्या चिडण्यालाही सलाम करून गेला.

मंगळवारी अल्हाजानं इंजिनियर लेकेला आणलं. लेके तिशीतला, काळा चष्मा, दोन फोन, आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'बेसिकली'. "बेसिकली, अल्हाजा, ही जुनी माणसं. बेसिकली, फूटवॉल्व पार तळाला सोडतो, म्हणजे थेंब वाया नको." विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या टोकाला बसतो तो फूटवॉल्व, त्यातून पाणी आत येतं, परत खाली जात नाही. त्यानं तो तळाच्या गाळावर टेकवला, पंपाच्या डोक्यातून दोन तांबे पाणी भरलं, झाकण आवळलं. लाइट आली, आळीभर पोरांनी "आली रे आली" करून आरोळी ठोकली आणि लेकेनं बटण दाबलं.

काय तो आवाज! हजार लिटरची टाकी बारा मिनिटांत काठोकाठ. अल्हाजा नाचली. मी मुफुताऊची नक्कल केली, टोपी एका कानावर ओढून: "हं. काठोकाठ." भाडेकरणी हसून लोळल्या. लेके निघून गेला, अल्हाजानं टाकीचा नळ सोडला आणि दुपारपर्यंत चौदा कापडं धुऊन झाली. टाकी खाली आली तशी तिनं पुन्हा बटण दाबलं. पाणी आलं. टाकी अर्धी व्हायच्या आत पंपाचा सूर बदलला. आधी खरखर, मग घसा खाकरल्यासारखं, मग नुसतीच शिट्टी. तोवर टाकीतलं पाणी नळावाटे सरळ टबात जात होतं आणि टबात सहा कापडं होती.

अल्हाजानं एक उचलून उजेडात धरलं. पांढरी नक्षी चहाच्या रंगाची झाली होती.

खरं सांगू का, अल्हाजा ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पंप बंद केला, ओसरीच्या पायरीवर बसली आणि ते कापड मांडीवर पसरून नक्षीवरून अंगठा फिरवत राहिली. मग आईनं मला खुणेनं मुफुताऊकडे पाठवलं. वाटेत मी त्याची नक्कल एकदाही केली नाही, याची नोंद घ्यावी.

तो आला तो गंभीरसा. पंपाला हात लावून बघितलं, तापला होता पण जळला नव्हता. "आज विहिरीला हात लावू नका," म्हणाला. "गाळ बसू दे. सकाळी येतो." भावाच्या बादल्यांचा टोमणा त्यानं परत केला नाही, "मी सांगत होतो ना" असलंही काही म्हणाला नाही.

बुधवारी उजाडताच तो विहिरीच्या कट्ट्यावर बसला. अल्हाजा समोर, तोंड दुसरीकडे.

"पोरींना सांगते," ती म्हणाली. आवाज अंगणातच संपला.

मुफुताऊ बराच वेळ दोराच्या गाठी चाचपत राहिला. मग त्यानं जे सांगितलं ते आळीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

"वीस वर्षांचा असताना मी लागोसला, मुशिनमध्ये, पंपाच्या दुकानात होतो. पहिल्या बोनसचा पंप घेतला. एक घोड्याचा. बसमध्ये मांडीवर घेऊन आलो, गुडघे सुजले. विहीर मोजली नाही, आमचीच तर होती. बसवला, बटण दाबलं, आई हसली. तिनं त्याच दिवशी पोहरा आणि दोर समोरच्या घरी देऊन टाकला. 'माझ्या मुलानं पंप आणलाय, मला आता कशाला?' मी लागोसला परतलो. हार्मटन आला, पाणी खाली गेलं, पंप कोरडा फिरला आणि दोन दिवसांत जळला."

"मग?" अल्हाजानं तोंड फिरवलं.

"मग काही नाही. मला कुणी कळवलं नाही. ईदला आलो तेव्हा संध्याकाळी आई हातात पोहरा घेऊन समोरच्या घरी निघालेली दिसली. 'कुठं?' म्हटलं. म्हणाली, 'परत द्यायला.' तीन महिने ती रोज सकाळी स्वतःचाच पोहरा त्यांच्याकडून मागून आणत होती आणि संध्याकाळी आभार मानून परत करत होती. पंप बिघडलाय असं तिनं कुणाला सांगितलं नाही. मुलाची अब्रू जाईल म्हणून."

पहाटेचा गार वारा धूळ घेऊन आला. अल्हाजानं डोक्याचा फडका सोडला, कमरेला घट्ट बांधला. उठली. कोपऱ्यातला, मक्केच्या आधीचा, पत्र्याचा पोहरा तिनं स्वतःच शोधून काढला.

पहिले बारा पोहरे तिनं ओरडत काढले: दोराला, रहाटाला, लेकेला, लेकेच्या चष्म्याला. पुढचे बारा मोजत. शेवटचे बारा गप्प. तिसाव्याला तिला धाप लागली तेव्हा मुफुताऊ म्हणाला, "आता कळलं पाण्याचं वजन?" "तोंड बंद कर आणि मोज," ती म्हणाली, आणि दोघंही हसली. काढलेलं सगळं पाणी भाडेकरणींच्या पिंपांत गेलं. मग सगळ्यांनी बसून गाठीकडे बघायचं. आईनं लापशी आणली, मुफुताऊनं आपले यामचे काप वाटले. तासाभरात गाठ पुन्हा भिजली.

"तासाला छत्तीस पोहरे," तो म्हणाला. "एवढंच तिचं दूध. वासिउचा घोडा ते चार मिनिटांत पितो आणि नंतर आचळ चावतो."

त्यानं आपल्या मोटरसायकलला बांधलेलं गाठोडं सोडलं. आतून निघाला एक जुना, हिरवा, लोखंडी अंगाचा पंप, नारळाहून जरा मोठा. अर्ध्या घोड्याचा. त्याच्या स्वतःच्या हातानं तीनदा उघडून लावलेला.

इथं मला राहवलं नाही. "खरं सांगू का, बाबा? अर्ध्या घोड्यावर शेळीसुद्धा बसायची नाही! हा टाकी भरेपर्यंत नवरीला नातवंडं होतील!"

बायका हसल्या. मुफुताऊ माझ्याकडे वळला. "नातवंडं होतील," त्यानं शब्द घोळवला. "पैज लाव, आसाबी. उद्या पहाटे, फज्रच्या नमाजानंतर सुरू करतो. दुपार कलल्यावर असरची बांग होते, तिच्याआधी टाकी तीनदा भरेल. स्वच्छ पाण्यानं."

"आणि नाही भरली तर?"

"माझी टोपी तुझी. नकलेला कामी येईल."

म्हणजे त्याला माहीत होतं! मी कानापर्यंत तापले. "आणि भरली तर?"

"तर मी तुझी नक्कल करीन. सगळ्यांपुढे."

आता मात्र अंगण हसून फुटलं. मुफुताऊ आणि नक्कल! दगडानं गाणं म्हणावं तसं. मी तळहातावर टाळी दिली.

बुधवारची संध्याकाळ बसवण्यात गेली. फूटवॉल्व तळापासून दोन हात वर टांगला, जाळी दात घासायच्या ब्रशनं घासून. पंप पाण्यापासून जितका उंच तितकी त्याची ओढ कमी. सतराव्या हाताखालचं पाणी वर बसलेल्या पंपाला ओढता येत नाही, मग पंपच विहिरीत उतरवावा लागतो, हे त्यानं अल्हाजाला दोराच्या गाठींवर दाखवलं. विहिरीत वायरला एक तरंगता गोळा सोडला. पाणी उतरलं की गोळा लोंबतो आणि पंप आपोआप थांबतो. पंपाखाली दोन विटा, वर पत्र्याचं छप्पर. मग वैद्यानं पथ्य सांगावं तसं: "महिन्यातून एकदा जाळी. चार दिवस बंद राहिला तर बटणाआधी मागचा पंखा स्क्रू-ड्रायव्हरनं हातानं फिरवायचा. डोक्यातून पाणी भरल्याशिवाय सुरू करायचा नाही. आणि पोहरा कुणाला द्यायचा नाही."

"आंघोळ घालून काजळ लावू का त्याला?" अल्हाजा म्हणाली. पण ती शब्द न् शब्द लक्षात ठेवत होती. ओठ हलत होते.

गुरुवारी पहाटे लाइट नव्हती. मी मनातल्या मनात टोपी घालून बघितली. मुफुताऊनं अल्हाजाचा छोटा जनरेटर ओढला. दीड घोडा त्यावर कण्हलाही नसता, अर्धा घोडा मात्र मधमाशीसारखा गुणगुणू लागला. धार आली करंगळीपेक्षा थोडी जाड. पाव तास चालला, थांबवला. पाऊण तास विहिरीला विसावा. पुन्हा पाव तास. असं तासामागून तास. मध्येच तो स्क्रू-ड्रायव्हर पंपाला लावून कान द्यायचा, डोळे मिटायचा, आणि एकदा डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाला, "आसाबी, तू काय बोलतेस ते मला इथवर ऐकू येतं."

पहिली टाकी दहाच्या आत भरली. धुणं चालू झालं. पाणी काचेसारखं, टबाच्या तळाशी अल्हाजाच्या निळ्या बोटांची नखं दिसत होती. दुसरी दुपारच्या नमाजच्या थोडी आधी. डाग पडलेली सहा कापडं तिनं पुन्हा धुतली, चार निवळली. दोन निवळली नाहीत तेव्हा तिनं स्वतःच्या पेटीतलं पांढरं कापड काढून आईच्या पुढ्यात टाकलं: "बांध गाठी. आज बुडवते, उद्या धुते." तिसरी टाकी भरायला लागली तेव्हा मी अंगणात उभी राहून मशिदीच्या भोंग्याकडे बघत होते. इमाम स्वभावानं आळशी आहेत अशी माझी समजूत होती, त्या दिवशी ते आणखीच आळशी वाटले. टाकीच्या तोंडातून पाणी ओसंडून माझ्या चपलांवर आलं, आणि मग, सावकाश, असरची बांग झाली.

शुक्रवारी नवरीकडची माणसं आली. ऐंशी कापडं दोरीवर हार्मटनच्या वाऱ्यात फडफडत होती, पांढरं दुधासारखं. नवरीच्या मावशीनं एकेक उलटून पाहिलं, दोनदा, आणि शेवटी म्हणाली, "अल्हाजा, माझ्या दोन्ही मुलींची पण तुम्हीच करायची." अल्हाजानं लगेच वासिउला फोन लावला. "वासिउ! तुझा पंप मी मशिदीला दिला! खालच्या मोठ्या विहिरीवर, ओढ्याकाठी, जिथलं पाणी कधी आटत नाही! तुला पुण्य लागेल! काय? नाही, नाही, पंप उत्तम आहे, आमची विहीर गरीब आहे!" हे वाक्य शिंप्याच्या दुकानापर्यंत गेलं, तेव्हा कळलं की अल्हाजा पूर्ण बरी झाली.

मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, मुफुताऊ विसरला असेल. तो दोर गुंडाळून खिशात घालत होता. दोर घालून झाला, टोपी सरळ केली, दोन्ही कान दिसतील अशी. एक हात कमरेवर ठेवला. हनुवटी वर. मी बोलताना डावा पाय आपटते, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं.

"खरं सांगू का, बाबा?" मुफुताऊ म्हणाला. "अर्ध्या घोड्यावर शेळीसुद्धा बसायची नाही! खरं सांगू का—"

मागच्या खोलीतून, बंद दाराआडून, आईचा आवाज आला:

"आसाबी! किती वेळा सांगितलं, मोठ्या माणसांपुढे एवढ्या मोठ्यानं बोलू नये!"